कात टाकतांना

कात म्हटली कीं आपणांस सर्प आठवतो. परंतु कोळीहि कात टाकतो, आणि त्याचें तें कार्य सर्पाहून पुष्कळ बिकट असतें. अंगांत हाडें नसल्यामुळें वरचें कठीण कवच हाच त्याचा सांगाडा. वाढावयाचें तर तो सबंध उतरून ठेवावयाचा!

लेस्टर येथें राहणाऱ्या माझ्या पुतण्याच्या घरीं हा प्रकार मीं पाहिला. त्याच्या बारा वर्षांच्या मुलानें मेक्सिकोंतील तांबड्या गुडघ्यांच्या टॅरंट्युलाची मादी कांचेच्या पेटींत पाळली आहे. १९८५ पासून या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. ही मादी मात्र पाळीव जोडप्याचीच संतति.

तीन आठवडे तिनें अन्नास तोंड लाविलें नव्हतें. एके सायंकाळीं ती जाळ्याची चटई विणून तीवर उताणी पडली. सूनबाईंना वाटलें, मेली. मुलगा हंसला. "मेली असती तर पाय पोटाखालीं आंखडले असते," तो म्हणाला.

पुढें जें घडतें तें रक्ताच्या दाबानें. पोटांतील रक्त पुढच्या भागांत लोटलें जातें, पाठीचें कवच कडेनें उकलतें आणि डब्याच्या झांकणासारखें उघडतें. मग हातमोज्यांतून बोटें काढावीं तसे पाय हळूहळू बाहेर येतात.

सात पाय सुटले; आठवा अडकला. घटका गेली, दोन घटका गेल्या. सूनबाईंच्यानें राहवेना. "मरतेय रे ती! चिमटा दे मला." मुलाचे डोळे भरून आले होते, तरी त्यानें पेटीवर दोन्ही हात ठेवले. "आई, आतां तिचें अंग लोण्यासारखें मऊ आहे. ओढलेंस तर फाटेल, आणि रक्त जाऊन ती मरेल."

रात्रीं केव्हांतरी तो पाय सांध्यापाशीं तुटून कातींतच राहिला. सकाळीं मादी सात पायांवर उभी होती. विषदंत पांढरे, अजून मऊ. ते काळे व कठीण होईपर्यंत आठ-दहा दिवस तिला खावयास द्यावयाचें नसतें. पाणी तेवढें ठेवावयाचें.

आपल्या एकत्र कुटुंबांत मदतीस धांवणारे हात पुष्कळ. कुणाचें अडलें कीं आत्या धांवते, काकू धांवते, आणि तें योग्यच. परंतु मुलीच्या नव्या संसारांत किंवा मुलाच्या पहिल्या अपयशांत आपण पुष्कळदां असेच चिमटा घेऊन उभे असतों. कांहीं अडचणी बाहेरून ओढल्यानें सुटत नाहींत, माणूसच फाटतें. तेथें पाणी ठेवून जागत बसणें एवढेंच आपलें काम. तें बसणें म्हणजे बेफिकिरी नव्हे, हें त्या मुलाचे डोळे पाहून मला पटलें.

गेल्या वर्षीं तिनें पुन्हा कात टाकली, तेव्हां त्या जागीं एक बारीकसा पाय आलेला दिसला, असें त्यानें कळविलें. या जातीची मादी २० वर्षांहून अधिक जगूं शकते. तेव्हां त्याच्या लग्नांत वऱ्हाडी मंडळींत तीहि असणार, अशी काळजी सूनबाईंना आतांपासूनच लागून राहिली आहे!