पुढे कुणीच नाही!

४-६-० असं कुणी लिहून दिलं तर पहिल्यांदा टायपिंगची चूक वाटेल. चार जण बचावाला, सहा मधल्या फळीत आणि पुढे... कुणीच नाही! मग गोल काय पोस्टाने पाठवायचा? :-)

पण २०१२ च्या युरो स्पर्धेत स्पेनने हेच केलं. त्यांचा हुकमी स्ट्रायकर डेव्हिड व्हिया डिसेंबर २०११ मध्ये पाय मोडून बसला, तो वेळेत बरा झाला नाही. तोरेस होता, पण १० जूनला ग्दान्स्कमध्ये इटलीविरुद्ध कोच देल बॉस्केने त्याला बाकावर बसवलं आणि बुस्केट्स, झाबी अलोन्सो, झावी, इनिएस्ता, सिल्व्हा, फाब्रेगास असे सहाच्या सहा मिडफिल्डर उतरवले. स्ट्रायकरच्या जागी नावाला फाब्रेगास.

यातली गंमत बघा. सेंटर बॅकचं काम म्हणजे समोरच्या स्ट्रायकरवर पहारा ठेवणं. पण फाब्रेगास त्या जागेवर थांबतच नाही, मागे येऊन मधल्या फळीत मिसळतो. आता सेंटर बॅकने करायचं काय? त्याच्याबरोबर गेला तर पाठीमागे भगदाड. जागेवर थांबला तर मधे स्पेनचा एक माणूस जास्त, आणि बॉल त्यांच्याकडेच फिरत राहणार. इकडे आड, तिकडे विहीर.

ती मॅच १-१ सुटली. १ जुलैला कीव्हमध्ये फायनलला पुन्हा इटलीच समोर आणि स्पेनचे अकराच्या अकरा तेच. निकाल? ४-०! असं का व्हावं?

एक कारण इटलीचं. पहिल्या मॅचला त्यांनी मागे तिघे ठेवले होते आणि मधोमध डे रॉसी, जो मुळात मिडफिल्डर. तो फाब्रेगासबरोबर पुढे गेला तरी मागे दोघे होतेच. फायनलला मागे चौघे, म्हणजे सेंटर बॅक दोनच. त्यात मधली फळी दाटीवाटीने खेळणारी, त्यामुळे दोन्ही कडा मोकळ्या.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पळणं. १४व्या मिनिटाला इनिएस्ताचा पास बचावफळीच्या मागे गेला, फाब्रेगास त्यावर धावला, गोललाइनजवळून त्याने बॉल मागे दिला आणि सिल्व्हाचा हेडर आत. ४१व्या मिनिटाला डावा फुल बॅक जोर्दी आल्बा झावीला बॉल देऊन जो सुसाट सुटला तो थेट गोलसमोर. झावीचा पास नेमका पायात. पुढची जागा रिकामी ठेवायची ती कुणीतरी मागून धावत यावं म्हणून!

आमच्या शनिवारच्या टर्फवर सध्या हीच चर्चा आहे, कारण आमच्या स्ट्रायकरचा गुडघा गेलाय. त्याच्याविना आम्ही सगळे मिडफिल्डरच खेळतोय आणि बऱ्यापैकी जिंकतोय. "जमतंय की तुमचं माझ्याशिवाय," असं तो परवा हसत म्हणाला, पण ते हसू काही खरं नव्हतं. मी त्याला तोरेसचं सांगितलं. फायनलला ७५व्या मिनिटाला आला, ८४व्याला गोल, ८८व्याला माटाच्या गोलसाठी पास, आणि स्पर्धेचा गोल्डन बूट त्यालाच. (इटलीचे तेव्हा दहाच जण मैदानात होते, एवढं मात्र सांगितलं नाही. :-))

स्पेनचा खेळ कंटाळवाणा, असं तेव्हा बरेच जण म्हणायचे. अगदीच चूक नव्हतं ते. सेमीफायनलला पोर्तुगालविरुद्ध १२० मिनिटांत एकही गोल नाही, पेनल्टीवर जिंकले. पण गंमत म्हणजे त्या मॅचची सुरुवात त्यांनी नेग्रेदो या अस्सल स्ट्रायकरला घेऊन केली होती! तेव्हा स्ट्रायकर हवा की नको, हा वादच जरा फसवा आहे.

बाजूच्याला पास देणं सुरक्षित असतं. आमच्या ऑफिसच्या मीटिंगांमध्ये तासन्‌तास हेच चालतं. बॉल आपल्याकडे, चूक कुणाचीच नाही आणि गोलही नाही. पास देऊन जो पुढे पळतो, त्याचं चुकलं तर सगळ्यांना दिसतं. त्याची मागची जागाही उघडी पडते. आल्बा तरीही पळाला. सहा मिडफिल्डरांचं कौतुक करताना आपण नेमके त्या फुल बॅकला विसरतो.