दोनदा बघणं

अण्णांची बॅटरी तीन सेलची होती, पत्र्याची. तिच्या बुडाला त्यांनी सुतळीचा फास बांधला होता, म्हणजे लिहिताना ती मनगटाला लटकत राहायची. अण्णा पाटबंधारे खात्यात होते, भाटघर धरणावर. वेळवंडी नदीवरचं हे दगडी धरण इंग्रजी अमदानीतलं, तेव्हा त्याला लॉइड धरण म्हणत. साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं त्यात. आषाढात भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत पाऊस धरला की अण्णांना रात्रपाळी लागायची. पातळी वाचायची, वेळ टाकून वहीत लिहायची, वर कळवायची, आणि तासाभरानं पुन्हा निघायचं. शाळेत असताना मी एकदा विचारलं होतं, आत्ता तर बघून आलात, परत कशाला?

"पाणी किती हाय ते कुणीबी सांगंल," अण्णा म्हणाले. "चढतंय का उतरतंय ते सांगायला दोनदा बघावं लागतं."

पुढे मी नर्सिंगला गेले आणि माझ्याही खिशात बॅटरी आली, पेनाएवढी. तिचं काम डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाकायचं. दोन्ही सारख्या आहेत का, उजेडाला आकसतात का, किती चपळ आकसतात. हायवेवरून डोक्याला मार लागलेला पोरगा येतो, बोलतो, गाडीचं काय झालं ते विचारतो. बारा वाजता दोन्ही बाहुल्या सारख्या असतात. साडेबाराला एक किंचित मोठी दिसली, तर आत रक्त साकळतंय असं धरून धावायचं. नुसतं साडेबाराला बघणाऱ्याला, ती बाहुली जन्मापासूनच तशी असेल, असंही वाटू शकतं.

कॅज्युअल्टीत पेशंट आला की पहिली दहा मिनिटं सगळे त्याच्याभोवती असतात. डॉक्टर, ब्रदर, मामा, मावशी, नातेवाईक, पोलीस केस असेल तर हवालदारसुद्धा. मग दुसरी गाडी येते आणि गर्दी तिकडे सरकते. उरलेली रात्र पेशंट आणि सिस्टर यांची. माणूस बिघडतो तो बहुतेक वेळा या उरलेल्या रात्रीत, आणि बिघडताना आवाज करतोच असं नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असतानाची एक नाईट सांगते. भातलावणीचे दिवस होते. पहाटे तीनच्या सुमारास वेल्ह्याकडच्या एका आजोबांना मुलगा घेऊन आला. पोटात दुखतंय, घसा जड झालाय, एवढीच तक्रार. रात्री जमिनीवर घोंगडी टाकून झोपले होते. चावल्याची खूण कुठे नव्हती, चावल्याचं आठवतही नव्हतं. मण्यार अशीच चावते. दात बारीक, दुखत नाही, सूज नाही, आणि विष जातं ते नसांवर. मी म्हटलं, "बाबा, वर पंख्याकडं बघा बरं." त्यांनी बघितलं, पण पापण्या हळूहळू खाली येऊ लागल्या. मग म्हटलं, "आता मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा." श्वासाचे स्नायू किती दमात आहेत ते कळायला खेड्यातल्या दवाखान्यात यापेक्षा स्वस्त यंत्र नाही. आजोबा चोवीसपर्यंत गेले. केसपेपरवर वेळ घातली आणि लिहिलं, 24.

डॉक्टरांनी प्रतिविष सुरू करायला सांगितलं. दहा कुप्या. आतल्या पुडीत पाणी सोडलं की कुपी जोरात हलवायची नाही, फेस येतो. तळहातांत धरून हलकेच फिरवायची. हाताशी घाई असताना हात सावकाश चालवणं ही या कामातली अवघड गोष्ट. मधेच पुन्हा आकडे म्हणायला लावले. 17. मुलगा म्हणाला, "सिस्टर, म्हातारं दमलंय, राहू द्या की." थोड्या वेळानं 11. डॉक्टरांनी तो तिसरा आकडा बघितला, नळी घातली आणि 108 बोलावली. 2014 पासून ही गाडी आपल्याकडे आहे, तीत डॉक्टर असतो. श्वासाचा फुगा दाबत गाडीतले डॉक्टर आजोबांना कापूरहोळमार्गे पुण्याला घेऊन गेले. काही दिवसांनी आजोबा नुसत्या सुपारीसाठी मुलाशी भांडत घरी आले, असं कळलं.

दरवर्षी 12 मे रोजी, परिचारिका दिनाला, आम्ही मेणबत्त्या लावतो. क्रिमियाच्या युद्धात हातात दिवा घेऊन फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल सगळ्यांना ठाऊक आहे. तिची आकडेमोड कमी लोकांना ठाऊक आहे. महिन्यामहिन्याचे मृत्यू कारणांनुसार मांडून तिनं दाखवलं, की सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले. एकाच महिन्याच्या आकड्यावर सरकार हललं नसतं. पुढे वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. 1876-78 च्या दुष्काळात दख्खन होरपळलं तेव्हा हीच बाई, हिंदुस्थानात कधी पाऊल न टाकता, लंडनमधून इथल्या पाटबंधाऱ्यांसाठी लिहीत होती. त्याच दुष्काळात नीरा कालव्याची खोदाई दुष्काळी काम म्हणून सुरू झाली, आणि त्या कालव्याला पाणी पुरवायला भाटघरला पहिलं धरण बांधलं गेलं. आताचं धरण त्यानंतरचं. अण्णांची आणि माझी नोकरी एका ओळीत बसेल असं मला त्याआधी वाटलं नव्हतं.

आता मी परिसेविका आहे. नाईटच्या राउंडला नव्या मुलींचे चार्ट बघते. मॉनिटर आकडे स्वतःच दाखवतो, बिघडलं की ओरडतोही, त्यामुळे त्यांना वाटतं बघायचं काम यंत्राकडे गेलं. पण नाडी 92 ची 104 होते, 104 ची 116 होते, तोवर ते गप्प असतं, कारण त्याला लावून दिलेली हद्द 120 ची असते. चार्टवर 'प्रकृती स्थिर' लिहिलेलं दिसलं की मी विचारते, किती वाजता? त्याआधी किती होतं? रात्री तीनला हा प्रश्न कुणालाच आवडत नाही, मुली तोंड वाकडं करतात. करू देत. सकाळी ओव्हर घेणारी सिस्टर आल्या आल्या पहिलं हेच विचारणार आहे, की पेशंट चढतीवर आहे का उतरतीवर. तिला सांगायला आपल्याकडे निदान दोन आकडे हवेत.