१९७५चा क्वार्टर

अमेरिकेतल्या चिल्लरीत १९७५चा क्वार्टर शोधत बसू नका, मिळायचा नाही. तो कधी पाडलाच नाही! स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीसाठी १७७६-१९७६ असं जोडसाल ठरलं आणि टंचाई नको म्हणून ती नाणी १९७५मध्येच पाडायला घेतली. त्याआधी त्याच वर्षी १९७४च्या सालाचीही पाडत होते. रोज लॉगमधल्या टाइमस्टॅम्पच्या भरवशावर बग शोधणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला जडच.

पण खरी गंमत १८०४च्या डॉलरची. टांकसाळीच्या नोंदीत त्या वर्षी १९,५७० डॉलर पाडल्याचं आहे. मात्र ते जुन्याच ठशांनी, आधीच्या सालाचे. पुढे १८३४मध्ये सयामचा राजा, मस्कतचा सुलतान वगैरेंना भेट द्यायला नाण्यांचे संच हवे होते. नोंदीत शेवटचा डॉलर १८०४चा, म्हणून तेच साल घालून नवे ठसे केले. म्हणजे नोंद बरोबर, चांदी खरी, टांकसाळही सरकारी, साल तेवढं तीस वर्षं मागचं. आमच्याकडे याला सरळ बॅकडेटेड एन्ट्री म्हणतात आणि ऑडिटवाले मानगूट धरतात. इथे मात्र उलटंच! नंतर पाडलेले धरूनही असे अगदी मोजकेच डॉलर माहीत आहेत आणि सुलतानाच्या संचातला मानला जाणारा २०२१च्या लिलावात ७६.८ लाख डॉलरला गेला.