पंधरा दिवसांची बॅग



मे महिना म्हणजे आपला मुलांकडे जायचा महिना. आम्हीही निघालोय, लातूरहून मुंबईला, मुलाकडे वांद्र्याला. तिथल्या बायका भाजी आणायलासुद्धा लग्नाला निघाल्यासारख्या टापटीप जातात. नातीने फोनवर बजावलं, "आजी, साड्यांचं गाठोडं नको हं, दोन छान कुर्ते आण." मुलाचं म्हणणं निराळं. ह्यांची बायपास झाल्यापासून तो म्हणतो, "आई, आता कायमचेच या." म्हणजे पंधरा दिवसांची बॅग भरायची की उरलेल्या आयुष्याची, हाच खरा प्रश्न. मी पंधरा दिवसांची भरली.

आधी कपडे. आपला उन्हाळा कोरडा. पारा ४२ वर गेला तरी घाम लगेच वाळतो, म्हणून तर आपल्याकडे कूलर चालतो. मुंबईत पारा ३४ च्या आसपासच, पण हवेत दमटपणा इतका, की घाम अंगावरच राहतो. तिथे सिंथेटिक साडी अंगाला चिकटते. म्हणून सुती नारायणपेठी ३, आणि नातीसाठी २ कुर्ते. माहेरी नांदेडला गेले तेव्हा खादीचं कापड आणून शिवून घेतले. आपल्या राष्ट्रध्वजाची खादी उदगीरला विणली जाते आणि ध्वज नांदेडला तयार होतात. दोन्ही गावं आपलीच. मग वांद्र्यात मिरवायला ही खादी काय कमी आहे?

रेशमी साडी एकही नाही. कोश उकळत्या पाण्यात घालून आतल्या जिवासकट धागा काढतात, हे कळल्यापासून मी रेशीम घेत नाही. पर्स कापडी, चपला रबरी. मुंबईत फॅशन दर हंगामाला बदलते. आपला नियम बदलत नाही, त्यामुळे काय घालू हा प्रश्नच उरत नाही.

आता डबे. पीठ मुळीच घेतलं नाही. उन्हाळ्यात पिठाची मर्यादा ५ दिवसांची, मग १५ दिवसांचं पीठ नेऊन काय उपयोग? त्याऐवजी लातूरची तूरडाळ २ किलो. पाणी गाळायचं जाड दुहेरी कापड, देवदर्शनाला अक्षतांची डबी, जपमाळ, आणि ह्यांच्या गोळ्या व डॉक्टरांचे कागद एका पिशवीत, हाताशी.

गाडीसाठी शिदोरी नाही. लातूर-मुंबई एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी मुंबईला पोचते. घरून सूर्यास्तापूर्वी जेवून निघायचं, सकाळी दर्शन करून खायचं. मुंबई आपल्या पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य सुमारे १५ मिनिटं उशिरा मावळतो. सून ऑफिसातून धावतपळत येते, तेव्हा ही १५ मिनिटंही मोलाची. तिने आधीच सांगितलंय, "आई, तुमचा स्वयंपाक मी दुपारीच करून ठेवायला सांगते." पण मी तिला म्हटलं, दुपारी मी रिकामीच असते, तो मीच करीन.

मी बी.कॉम. झालेली बाई, त्यामुळे दोन्ही बाजू मांडल्याशिवाय चैन पडत नाही. मुंबईच्या बाजूला मोठी हॉस्पिटलं, नात, आणि मुलाची रात्रीची शांत झोप. लातूरच्या बाजूला पायी पाच मिनिटांवरचं मंदिर, आवाज दिला की येणारी शेजारीण, आणि ह्यांचं चाळीस वर्षांचं सकाळचं फिरणं. ही बेरीज कागदावर जुळत नाही.

म्हणून मुलाला स्पष्ट सांगितलं, परतीचं तिकीट काढून ठेव. या १५ दिवसांत ह्यांना तिथे झोप लागते का, ते कुणाशी बोलतात का, आणि माझं दर्शन व सूर्यास्ताआधीचं जेवण रोज निभतं का, हे बघू. निभलं तर दिवाळीनंतर पुन्हा विचार. मुलगा थोडा गप्प झाला, मग म्हणाला, "ठीक आहे आई, काढतो."

दोघांत मिळून एकच बॅग झाली, ७ किलोची. परिग्रहाचं परिमाण आपण व्रतात घेतो, पण ते खरं कळतं ते बॅगेची चेन लावताना. घरात कपाटं भरून ठेवलेल्या सामानातलं १५ दिवसांत किती कमी लागतं! तुम्हीही मुलांकडे निघाला असाल, तर आधी नियमाच्या वस्तू ठेवा, मग औषधं, मग कपडे. जागा उरली तर उरू द्या.