काटा अर्ध्यावर, टाकी रिकामी

आपल्या दारात पूर्वी बैलगाडी असायची. मग ट्रॅक्टर आला. आता बऱ्याच घरांपुढं छोटा मालवाहू टेम्पो उभा दिसतो. माझी नोकरी शेतीखात्याची. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून मी बियाणं, खतं, फवारणी यांचं सांगत गावोगाव फिरतो. गाडी दुरुस्ती हा काही माझा धंदा नव्हे. पण उत्तम पिकवलेला माल वेळेवर बाजारात गेला नाही, तर आमच्या सल्ल्याला काय चाटायचं आहे? म्हणून आज थोडं टेम्पोविषयी सांगतो.

आमचं घर जुन्नर तालुक्यातलं. थोरल्या भावाचा मुलगा टोमॅटो लावतो आणि स्वतःच्या टेम्पोतून नारायणगावच्या बाजारात नेतो. गेल्या हंगामात टेम्पोचा पेट्रोल पंप गेला. गाडी धक्के खायची, मग सुरूच होईना. ओळखीच्या मिस्त्रीनं नवा पंप बसवला आणि गाडी झकास चालू लागली. फक्त पेट्रोलचा काटा अर्ध्यावर येऊन बसला. पुतण्याला वाटलं, चला, अर्धी टाकी आहे. तिसऱ्या दिवशी चौतीस क्रेट भरून निघाला आणि बाजार पाच-सहा किलोमीटरवर असताना गाडी बंद पडली. टाकी कोरडी ठणठणीत, काटा मात्र अर्ध्यावर!

शेजारच्या गावच्या एका पिकअपवाल्यानं क्रेट उचलून नेले, पण तोवर सकाळचे चांगले गिऱ्हाईक निघून गेले होते. भाव उतरला, वर त्या गाडीचं भाडं गेलं.

घरी आल्यावर पुतण्या म्हणाला, “काका, मीटरच गेलंय. दुकानदार म्हणतो, पूर्ण मीटर बदलावं लागेल.” त्यासाठी धाकट्या बहिणीच्या कॉलेजच्या फीचे म्हणून ठेवलेले पैसे काढायचं त्याच्या मनात होतं. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. दुसरीकडं मिस्त्रीचं म्हणणं, “साहेब, मी पंप बसवलाय. काट्याला मी हातसुद्धा लावला नाही.” हा मिस्त्री आमच्या घरी वीस वर्षं येणारा माणूस. पुतण्या त्याच्याशी भांडायच्या बेतात होता.

मी दोघांनाही थांबवलं. पिकावर रोग आला की आम्ही आधी विचारतो, गेल्या आठ दिवसांत शेतात नवीन काय केलं? इथंही तोच प्रश्न. पंप बदलेपर्यंत काटा नीट होता. मग पंप बदलताना कुठं कुठं हात गेला, ते आधी पाहायचं. तसं न करता मीटर फेकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता यातली मेख समजून घ्या. जुन्या डिझेल ट्रकला आणि ट्रॅक्टरला डिझेल ओढणारा पंप इंजिनाजवळ असतो आणि काट्याचा फ्लोट वेगळा, टाकीत. तिथं पंप बदलला तरी काट्याला धक्का लागत नाही. आमच्या मिस्त्रीची हयात त्या गाड्यांत गेलेली. पण हल्लीच्या पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीच्या आतच असतो, आणि बहुधा त्याच सांगाड्याला फ्लोटची दांडी जोडलेली असते. पेट्रोल वर-खाली झालं की फ्लोट हलतो. दांडीच्या टोकाची पत्ती एका पट्टीवर सरकते, तिथं विजेचा अडथळा कमी-जास्त होतो आणि त्यावर मीटरचा काटा हलतो. म्हणजे पंपाला हात लावला, की काट्यालाही लागला.

पहिली परीक्षा फुकटची होती. चावी बंद करून टाकीवरच्या युनिटचं कपलर काढलं आणि पुन्हा चावी लावली. काटा अर्ध्यावरून सरळ खाली रिकाम्यावर आला. (काही गाड्यांत तो भरल्याकडं जातो.) चावी बंद करून कपलर पुन्हा जोडलं, तर काटा परत अर्ध्यावर. याचा अर्थ मीटर जिवंत होतं, तारही तुटलेली नव्हती. टाकीतून ‘अर्धी आहे’ असाच निरोप येत होता आणि मीटर बिचारं तोच दाखवत होतं. काटा जागचा हललाच नसता, तर मीटर, तार, कपलरची वाकडी पिन आणि अर्थिंगची गंजलेली जागा तपासायला हवी होती. जुन्या गाड्यांत मिस्त्री दोन तारा एकमेकींना टेकवून काटा पाहत. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर तो प्रयोग करू नका, मीटर खरोखरच जळू शकतं.

मग टाकीतलं युनिट बाहेर काढायचं ठरलं. हे काम घरी करू नये, जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावं. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. उघड्यावर, गाडी थंड असताना, पंपाच्या नळीतला दाब आधी सोडून आणि बॅटरीची तार काढून ते काम करतात. जवळ विडी-काडी नको, लोंबता बल्ब नको, मोबाइलवर बोलत उभं राहणं नको. हाताशी वाळूची बादली ठेवावी.

युनिट बाहेर आलं आणि कारण समोर दिसलं. झाकणावरची बाणाची खूण आणि टाकीवरची खूण जुळवलेली नव्हती. युनिट थोडं फिरून बसलं होतं. त्यामुळं फ्लोटची दांडी टाकीतल्या आडव्या पत्र्याला अडकून वाकली होती आणि अर्ध्यावरच लटकली होती. पुतण्यानं जुनं युनिट गोणपाटात जपून ठेवलं होतं. ते शेजारी ठेवल्यावर वाक किती, हे मिस्त्रीच्या लगेच ध्यानात आलं. अंदाजानं दांडी वाकवली तर माप चुकतं, म्हणून त्यानं जुन्याबरहुकूम ती सरळ केली. मग मल्टिमीटर लावून दांडी सावकाश वर-खाली केली. आकडा सलग बदलत गेला. तो मध्येच उडाला असता तर पट्टी झिजलेली, आणि जुन्या युनिटशी जुळलाच नसता तर दुसऱ्याच गाडीचं युनिट आलं, असं समजायचं.

खुणा जुळवून युनिट बसवलं आणि काटा चालू झाला. मिस्त्रीनं मजुरी घेतली नाही. “या गाड्यांचं तंत्र वेगळं, आता ध्यानात ठेवीन,” एवढंच म्हणाला. पुतण्यानं चहा मागवला. फीचे पैसे फीलाच गेले. त्या दिवशीचं टोमॅटोचं नुकसान मात्र भरून आलं नाही.

यावर वहिनी जे बोलल्या ते मला फार पटलं. त्या म्हणाल्या, “गॅसची टाकी लावली की मी कॅलेंडरवर तारीख लिहिते. सिलिंडरला कुठं काटा असतो? तुम्ही गाडीचं का लिहीत नाही?”

तेव्हापासून टेम्पोत एक वही आहे. टाकी पूर्ण भरायची आणि किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरताना किती लिटर बसलं ते पाहायचं. समजा, २८८ किलोमीटरला १६ लिटर लागलं, तर लिटरला १८ किलोमीटर पडले. भरलेल्या गाडीला आणि चढाला जास्त लागतं, म्हणून हिशेब १४-१५ चाच धरायचा. शिवाय दुरुस्तीनंतर एकदा पेट्रोल पंपावर सपाट जागी गाडी उभी करून पाच-पाच लिटर भरलं आणि दर वेळी काटा कुठं येतो ते टिपलं. त्यामुळं ‘पाव’ म्हणजे नेमकं किती लिटर, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

टाकी पावाखाली जाऊ देऊ नका, हेही सांगतो. टाकीतला पंप त्या पेट्रोलमुळंच थंड राहतो आणि त्याचं वंगणही तेच. टाकी वारंवार कोरडी पडली तर नवा पंपही लवकर जातो. म्हणजे काटा खोटा असेल, तर पंपाचा खर्च पुन्हा दारात येतो.

तेव्हा मंडळी, पंप बदलून गाडी घरी आणण्याआधी तीन गोष्टी करा. जुना भाग मागून घ्या. मिस्त्रीसमोरच पाच लिटर पेट्रोल घालून काटा हलतो का ते पाहा. आणि हलला नाही, तर काही विकत घेण्यापूर्वी ते कपलर काढून बघायला सांगा.