काटा काय सांगतो?

आमच्या पिढीच्या बहुतेक मोटरसायकलींना पेट्रोलचा काटा नव्हताच. राजदूत, येझदीच्या त्या दिवसांत टाकीचं झाकण उघडायचं, गाडी जराशी हलवायची, आत डोकावायचं. झाला हिशोब! शिवाय टाकीखाली एक कॉक असायचा. आत पेट्रोल घेणारी दोन तोंडं, एक उंच, एक अगदी तळाशी. उंच तोंडापर्यंतचं पेट्रोल संपलं की गाडी आचके द्यायची. मग चालत्या गाडीवरच हात खाली घालून कॉक 'रिझर्व्ह'वर फिरवायचा. उरलेल्या पेट्रोलवर पंप गाठता यायचा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चा नियम आला आणि जवळपास सगळ्या नव्या मोटरसायकलींत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्याबरोबर तो कॉकही गेला. आता भरवसा फक्त काट्याचा.

माझी गाडी २०२१ सालची. अमरावतीहून अकोल्याला मोठ्या बहिणीकडे, ताईकडे, मी पंधरवड्यातून एकदा जातो. ताई ८१ वर्षांची, जठारपेठेत एकटी राहते. मुलं परगावी. गेल्या मे महिन्यात मूर्तिजापूर सोडलं, कुरणखेड यायचं होतं आणि गाडी बंद पडली. काटा मात्र पाव टाकी दाखवत शांत उभा! तोवर तो अगदी इमानदार होता.

मंडळी, या रस्त्याचं एक सांगतो. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून झाली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुरेख आहे, पण मागून ट्रक भन्नाट येतात. तिथं गाडीचा जोर अचानक गेला तर काय होतं, ते कळलं. एका पोरानं आपल्या गाडीवरून पायानं माझी गाडी ढकलत पंपापर्यंत नेली. रात्री पुण्याहून मुलाचा फोन. "बाबा, बस झालं आता. गाडी विकून टाका."

विकायची तर विकू, पण आधी रोग तर कळू दे! आमचा मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, काटा खोटं नाई बोलून राह्यला. त्याले आतून जे सांगतेत, तेच तो दाखवते."

गोष्ट साधी आहे. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो. पेट्रोल खाली गेलं की त्याची दांडी खाली जाते आणि एका पट्टीवरून सरकते. त्यानं विजेला होणारा रोध बदलतो आणि काटा हलतो. मिस्त्रीनं मोकळ्या जागेत, बॅटरीची वायर काढून फ्लोट बाहेर घेतला, मल्टीमीटर लावला आणि दांडी हळूहळू वरखाली केली. आकडा सलग बदलायला हवा. आमचा एका जागी अडकायचा, मग एकदम उडी मारायचा. तिथं पट्टी झिजलेली होती. (फ्लोटला भोक पडलं असतं तर तो बुडून काटा कायम रिकामी टाकी दाखवत राहिला असता.) नवा फ्लोट बसवला.

पण काटा दुरुस्त झाला तरी टाकीचा आकार वाकडातिकडा, त्यामुळे तो सारख्या चालीनं उतरत नाही. साइड स्टँडवर गाडी कलली की आणखी फसवतो. म्हणून मास्तरकीचा उपाय केला. टाकी भरली, ट्रिपमीटर शून्यावर आणला. ३१२ किलोमीटर चालवून पुन्हा तेवढीच भरली, तर ६ लिटर बसलं. म्हणजे लिटरला ५२. टाकी ११ लिटरची. अकोल्याची एक जाऊन-येऊन फेरी साधारण २०० किलोमीटरची. दोन फेऱ्या झाल्या की काटा काहीही म्हणो, पेट्रोल भरायचं. टाकी कोरडी पडेस्तोवर चालवूच नये, कारण आतला पंप पेट्रोलातच बुडून थंड राहतो.

हा हिशोब मुलाला पाठवला. तो म्हणाला, "बरं, पण दर वेळी पोचल्यावर फोन करा." मंजूर!

आता ताईचं. फोनवर तिला कधीही विचारा, "कशी आहेस?" उत्तर एकच, "मी मजेत. तू उन्हाचा येऊ नको." थंडीतही तेच, पावसातही तेच, गुडघे सुजलेले असले तरी तेच. तिचा काटा कायम भरलेल्या टाकीवर. खोटं बोलायचं तिच्या मनात नसतं, आपली कुणाला चिंता नको एवढंच असतं.

तेव्हा मी गेलो की पाय धुऊन आधी स्वयंपाकघरात जातो. बी.पी.च्या गोळ्यांच्या पट्टीत किती शिल्लक आहेत ते मोजतो. पंधरा दिवसांत पंधरा संपायला हव्यात. पिठाचा डबा उघडून पाहतो. मागच्या खेपेला पट्टीत सहा गोळ्या जास्त निघाल्या आणि डबा जवळपास तसाच. ताई म्हणाली, "मास्तर, तपासणी झाली का?" मी म्हटलं, "झाली. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

ती पुष्कळ कुरकुरली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊवारी नेसून, पिशवी घेऊन माझ्या आधी दारात उभी होती.