चित्र पाहून वाचू नका!



आज मुलांच्या अभ्यासाऐवजी माझ्याच चुकलेल्या एका धड्याबद्दल लिहिते आहे. हा धडा मला अडतीस हजार रुपयांना पडला.

सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता जमा झाला, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, थोडे बिटकॉइनमध्ये टाकून बघ." त्यानेच मोबाईलवर एका एक्स्चेंजचं खातं उघडून दिलं. आठ-दहा महिने सगळं नीट चाललं. एका संध्याकाळी मी पहिल्यांदाच लॅपटॉपवर खातं उघडायला बसले. पत्ता पाठ नव्हता, म्हणून नाव टाकून सर्च केलं आणि सगळ्यात वर आलं त्यावर क्लिक केलं. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, म्हणजे ती पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती. ते मी वाचलंच नाही.

पान उघडलं. तोच रंग, तेच चिन्ह, तीच मांडणी. पासवर्ड टाकला, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकला. "कोड चुकीचा आहे, पुन्हा टाका," असं आलं. मी तीन वेळा टाकला. मी इथे कोड टाकत होते आणि त्याच मिनिटाला दुसरं कुणीतरी तो खऱ्या साइटवर वापरत होतं, हे नंतर कळलं. सकाळी खात्यात शून्य!

खरी चूक तर त्यापुढची. तीन दिवस मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. "बाई शिकवतात आणि स्वतःच फसतात," असं लोक म्हणतील याची लाज वाटत होती. तक्रार केली तोवर उशीर झाला होता. बँकेतून गेलेली रक्कम लगेच कळवली तर वाटेत कुठेतरी गोठवता येण्याची शक्यता असते. क्रिप्टो एकदा चोराच्या वॉलेटमध्ये गेलं की तो व्यवहार उलटा फिरवता येत नाही. माझे पैसे परत मिळाले नाहीत.

माझं नेमकं काय चुकलं, ते मात्र पहिलीच्या वर्गात कळलं.

मुलं शब्द वाचतात की चित्र पाहून अंदाज करतात, हे तपासायला मी एक कार्ड केलं होतं. वर बदकाचं चित्र आणि खाली शब्द लिहिला 'मगर'. अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "बदक!" एकच मुलगी गप्प होती. ती अक्षरावर बोट ठेवत पुटपुटत होती, "म… ग… र." मग हळूच म्हणाली, "बाई, हे चुकलंय." माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढे 'वाचनाचा वेग कमी' असा शेरा होता.

त्या क्षणी मला ती संध्याकाळ आठवली. मीही बदकच पाहिलं होतं. खाली लिहिलेला शब्द वाचलाच नव्हता.

खोटी साइट बनवणारा चित्र हुबेहूब काढतो. रंग, चिन्ह, ग्राहक सेवेची चौकट हे सगळं नक्कल करता येतं. नक्कल करता येत नाही तो फक्त पत्ता. एक पत्ता एका वेळी एकाच मालकाचा असतो. म्हणून चोर खऱ्या पत्त्यासारखा दिसणारा दुसरा पत्ता घेतो. तो ओळखायचा तर अक्षर-अक्षर वाचायला हवं.

कसं वाचायचं? हजेरीपटासारखं. आपल्याकडे आधी नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव. घराणं शेवटून कळतं. वेबसाइटच्या पत्त्यातही सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या अगदी आधीचा भाग म्हणजे आडनाव. तिथून डावीकडे वाचत जायचं. समजा पत्ता असा आहे: 'एक्स्चेंजचं नाव डॉट कॉम डॉट लॉगिन-मदत डॉट टॉप'. सुरुवातीचं ओळखीचं नाव पाहून आपण निश्चिंत होतो, पण ही साइट आहे 'लॉगिन-मदत डॉट टॉप'ची. ('डॉट को डॉट इन' असेल तर आडनाव तीन भागांचं धरायचं.)

अक्षरांतही फसवणूक असते. इंग्रजीतला छोटा एल आणि मोठा आय सारखेच दिसतात. आर आणि एन जवळ आले की एम वाटतो. रशियन लिपीतला 'а' तर आपल्या डोळ्यांना इंग्रजी 'ए'पेक्षा वेगळा दिसतच नाही. 2018 च्या सुरुवातीला बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजच्या ग्राहकांना असंच फसवलं गेलं. खोट्या पत्त्यात दोन्ही 'एन'खाली बारीकसं टिंब होतं, बाकी नाव तेच. श्रुतलेखनात अनुस्वार राहिला तर आपण अर्धा गुण कापतो, आणि इथे दोन टिंबं कुणाला दिसली नाहीत!

"पण कुलूप होतं ना?" असं भाऊही म्हणाला. पत्त्याजवळचं कुलूप फक्त एवढंच सांगतं की तुमची माहिती वाटेत कुणी वाचणार नाही. ती पोहोचते आहे तो माणूस साव की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोरालाही ते फुकट मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोम ब्राउझरने 2023 मध्ये कुलपाचं चिन्ह बदलून टाकलं.

मी आता काय करते, ते सांगते. खऱ्या साइटचा पत्ता एकदा नीट तपासून बुकमार्क करून ठेवला आहे. सर्चमधून किंवा मेसेजमधल्या लिंकवरून कधीच लॉगिन करत नाही. पासवर्ड ब्राउझरमध्ये जपून ठेवला आहे. तो स्वतःहून भरला गेला नाही तर मी थांबते, कारण ब्राउझर चित्र पाहत नाही, माझ्या त्या विद्यार्थिनीसारखा अक्षरंच वाचतो. वॉलेटचे गुप्त 12 किंवा 24 शब्द कुणी मागितले तर तो चोरच समजायचा. भारतात 2023 च्या मार्चपासून क्रिप्टो एक्स्चेंजना सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. पण 'नोंदणीकृत' हा शिक्का साइटवर दिसला म्हणून विश्वास ठेवू नका. तोही चित्रच आहे. आणि साइट खरी निघाली तरी त्यातली गुंतवणूक सुरक्षित होते असं नाही, हेही लक्षात असू द्या.

मागच्या पालक सभेत मी हे सगळं सांगितलं, अडतीस हजारांचा आकडाही सांगितला. सभा संपल्यावर एक आई मागे थांबली. पदराशी चाळा करत म्हणाली, "बाई, माझेबी गेलेत. काल रात्री. लिंक आली होती. घरात सांगितलं नाही अजून."

मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिच्याच फोनवरून आधी 1930 लावला, मग तिच्या बँकेला. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रारही नोंदवली. तो पत्ता टाकताना आम्ही दोघींनी प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचलं. मग ती म्हणाली, "आता घरी तुम्हीच सांगा." मी म्हटलं, "चला, दोघी मिळून सांगू."

आणि हो, त्या मुलीच्या नावापुढचा शेरा मी खोडला. तिथे आता लिहिलं आहे, 'लक्षपूर्वक वाचते.'